श्वासाचें माप आणि मनाचें माप

शके १६९४ च्या कार्तिक वद्य अष्टमीस, म्हणजे इ. स. १७७२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १८ तारखेस, थेऊर येथें श्रीचिंतामणीच्या सान्निध्यांत थोरल्या माधवराव पेशव्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. रोग राजयक्ष्मा. मराठी घरांत वाढलेल्या बहुतेक मुलांनीं ही कथा लहानपणीं ऐकलेली असते, आणि तिच्या अखेरीस एक वाक्यही हटकून ऐकलेलें असतें: चुलत्याच्या कारस्थानांनीं, राज्याच्या कर्जानें आणि अहोरात्र चिंतेनें त्या तरुण पुरुषास क्षय जडला. या वाक्यांत करुणा आहे यांत शंका नाहीं. परंतु चिंतेनें क्षय होतो असें सांगणारे आपण, क्षयानें त्या पुरुषाच्या मनाचें काय झालें असेल हा प्रश्न सहसा विचारीत नाहीं. थेऊरच्या मुक्कामांत शक्ति दिवसेंदिवस ओसरत असतां, आपल्या पश्चात् धाकट्या भावाचें आणि राज्याचें कसें होईल या विचारांत पडून राहिलेल्या त्या रोग्याच्या रात्री कशा गेल्या असतील?

हा प्रश्न एकट्या माधवरावांपुरता नाहीं. छातीचीं दुखणीं बहुधा लांबणारीं. तापासारखीं तीं सात दिवसांत उतरत नाहींत, पटकीसारखा एका रात्रींत निकालही लावीत नाहींत. क्षय, दमा, जुना खोकला, धुरानें किंवा धुळीनें झिजलेलें फुप्फुस, यांचा रोगी वर्षानुवर्षें आपल्या रोगाबरोबर संसार करतो. अशा माणसाच्या बाबतींत तो किती जगला या प्रश्नाइतकाच तो कसा जगला हाही प्रश्न महत्त्वाचा ठरावयास हवा. वैद्यकाच्या इतिहासांत मात्र तो फार उशिरां उद्भवला. छातीच्या रोगांच्या इतिहासांत मन अगदीं आरंभापासून आहे. पण फार काळ तें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें होतें. त्यालाही दुखणें असतें, हें वैद्यकाच्या ध्यानांत यावयास विसावें शतक उजाडून अर्धें सरावें लागलें. हें स्थित्यंतर कसें घडलें तें सांगावें असा आमचा या लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडील परंपरेपासून आरंभ करूं. चरकसंहितेंत राजयक्ष्म्याची उत्पत्ति सांगणारी कथा चंद्राची आहे. दक्षानें आपल्या अनेक कन्या चंद्राला दिल्या. तो एकट्या रोहिणीवर आसक्त राहिला. इतरांची उपेक्षा झाली. दक्षाचा कोप झाला आणि चंद्र क्षीण होऊं लागला. पुढें अश्विनीकुमारांनीं त्याला बरें केलें. कथा सोडून शास्त्राकडे वळलें तर चरकानें शोषाचीं चार कारणें दिलीं आहेत: शक्तीबाहेरचें साहस, वेगांचें धारण, धातूंचा क्षय आणि विषम आहार. यांपैकीं क्षयाच्या विवेचनांत शोक, चिंता, ईर्ष्या, भय व क्रोध यांचा स्पष्ट निर्देश आहे. मनाच्या व्यथेनें शरीर वाळतें, हें निरीक्षण कांहीं खोटें नव्हे. परंतु चंद्राच्या कथेंतील मनोवृत्ति शास्त्रापेक्षां अधिक चिवट ठरली. रोग हा शाप, आणि शाप म्हटला कीं त्यामागें कांहीं तरी अपराध आलाच. घरांत एखाद्यास क्षय झाला कीं त्याच्या पूर्वायुष्याची कुजबूज सुरू होई, ती याच समजुतीनें.

युरोपांतही फार निराळें नव्हतें. पॅरिसच्या रेने लाएनेक या वैद्यानें १८१६ सालीं स्टेथस्कोप शोधून काढला आणि १८१९ सालीं त्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. छातींतील आवाजावरून आंतला विकार ओळखण्याची विद्या त्यानें जगाला दिली. फुप्फुसें फुगून त्यांचा लवचिकपणा नाहींसा होण्याचा जो विकार, त्या एम्फिसीमाचें नीट वर्णनही त्याचेंच. इतका काटेकोर निरीक्षक क्षयाचें कारण सांगूं लागला तेव्हां मात्र दुःखी मनोविकारांकडे वळला. त्यानें पॅरिसमधील जोगिणींच्या एका मठाचें उदाहरण दिलें आहे. तेथील नियम अतिशय कडक, आणि चित्त सदैव धर्मांतील भयानक गोष्टींवर खिळवून ठेवलेलें. लाएनेक दहा वर्षें त्या मठाचा वैद्य होता. तेवढ्या काळांत तेथील स्त्रिया मरून मरून मठ दोन-तीन वेळां जवळजवळ नव्यानें भरावा लागला. वांचल्या त्या बहुधा मठाची मुख्य, बागेकडची, स्वयंपाकाकडची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी, म्हणजे ज्यांना इतर व्यवधानें होतीं अशा. आज आपणांस कळतें कीं दाटीनें राहणाऱ्या त्या स्त्रियांच्या श्वासांतून जंतु पसरत असले पाहिजेत. लाएनेकला तें ठाऊक असणें शक्य नव्हतें. तो स्वतःही १८२६ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, क्षयानेंच गेला. परंतु त्या जोगिणींची हकीकत वाचतांना आमच्या मनांत असें येतें कीं, त्यांच्या दुःखाची नोंद वैद्यकाच्या ग्रंथांत झाली ती रोगाचें कारण म्हणून झाली. दुःख म्हणून कोणी ती केली नाहीं.

त्याच सुमारास या रोगाला एक विचित्र प्रतिष्ठाही प्राप्त झाली. इंग्लिश कवि जॉन कीट्स हा २३ फेब्रुवारी १८२१ रोजीं रोम शहरीं वयाच्या पंचविसाव्या वर्षीं क्षयानें वारला. तो वैद्यक शिकलेला होता. आई आणि धाकटा भाऊ या दोघांचीही याच रोगांत त्यानें शुश्रूषा केलेली होती. खोकल्याबरोबर आलेलें पहिलें रक्त पाहतांच आपला शेवट त्यानें ओळखला. रोममध्यें डॉक्टरांनीं त्याला जवळजवळ उपाशी ठेवलें आणि वर त्याचें रक्त काढलें. यातना असह्य होऊन त्यानें आपला सोबती, चित्रकार सेव्हर्न, याजवळ अफूच्या अर्काची बाटली मागितली. सेव्हर्ननें ती दिली नाहीं. मृत्यूनंतर तेथील कायद्याप्रमाणें खोलींतील सामान जाळण्यांत आलें. ही वस्तुस्थिति. वाङ्मयानें मात्र पुढें जें चित्र रंगविलें तें फिकट मुद्रेच्या, तेजस्वी नेत्रांच्या, अल्पायुषी प्रतिभावंताचें. आपल्याकडील कादंबऱ्यांतून आणि बोलपटांतून रुमालावरचा रक्ताचा डाग दाखवून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणण्याची जी रीति पडली, ती याच चित्राची नक्कल होय. डॉक्टरांनींही यांत भर घातली. क्षयाचा रोगी मरणाच्या दारांतही आशेनें भारलेला असतो अशी त्यांची समजूत होती आणि तिला त्यांनीं ‘स्पेस थायसिका’, म्हणजे क्षयी माणसाची आशा, असें लॅटिन नांव दिलें होतें. ही समजूत मोठी सोयीची. रोगी हंसला तर तें हंसणें रोगाचें लक्षण, आणि रडला तर तें रडणें रोगाचें कारण! त्याला खरोखर काय वाटतें आहे, हें विचारण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

एकीकडे मनाविषयीं असे तर्क चालले असतां दुसरीकडे फुप्फुसाचें मोजमाप झपाट्यानें पुढें जात होतें. १८४६ सालीं लंडनमध्यें जॉन हचिन्सन यानें आपलें श्वासमापक यंत्र पुढें आणलें. माणसानें पूर्ण श्वास घेऊन तो नळींतून सोडावयाचा आणि किती हवा बाहेर पडली तें मोजावयाचें, ही त्याची युक्ति. पैलवान, खलाशी, पोलीस, छापखान्यांतले कामगार, दरिद्री, सधन, अशा दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास त्यानें मोजले. आज कोठल्याही मोठ्या रुग्णालयांत छातीच्या रोग्याला नळींत फुंकावयास सांगतात, ती चाचणी या यंत्राचीच वंशज आहे. श्वासाला माप मिळालें. ज्याचा तो श्वास त्या माणसाच्या जिण्याला तें मिळावयास आणखी एकशेंचाळीस वर्षें जावयाचीं होतीं.

२४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख यानें बर्लिन येथें क्षयाचा जंतु दाखवून दिला. आतां मनाची आरोपांतून सुटका व्हावी अशी अपेक्षा करणें साहजिक होतें. झालें असें कीं मन सुटलें आणि रोगी सांपडला. रोग जंतूनें होतो, जंतु रोग्याच्या थुंकींतून आणि खोकल्यांतून पसरतो, म्हणून रोग्यापासून दूर राहिलें पाहिजे, असा सरळ हिशेब लोकांनीं मांडला. हिशेब चुकीचा नव्हता. पण तो मांडतांना रोगी हा माणूस आहे हें विसरणें फार सोपें होतें. वेगळें ताट, वेगळा पेला, वेगळी खोली, आणि पुढें दारावरून जाणाऱ्या शेजाऱ्यांनीं तोंडाला लावलेला पदर, हें सारें ज्यांनीं आपल्या घरांत पाहिलें आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

या शोधानंतर एकच वर्षानें, १८८३ सालीं, आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही ठरली. परंतु त्या परतल्या त्या क्षयानें खंगलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचें निधन झालें. आनंदीबाईंच्या चरित्राविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, त्या स्वतः डॉक्टर होत्या. आपल्या छातींत काय चाललें आहे आणि त्यावर जगांत कोणाजवळही औषध नाहीं, हें जाणून त्यांनीं ते शेवटचे महिने काढले असले पाहिजेत. जंतु सांपडला होता, औषध सांपडलें नव्हतें. या दोहोंमध्यें साठ वर्षांचें अंतर होतें. तेवढ्या काळांत लाखों रोगी जें जगले, तें केवळ वाट पाहण्याचें जगणें होतें.

या वाट पाहण्याला स्थळ मिळालें तें आरोग्यधामांचें. जर्मन सायलेशियांतील गोर्बर्सडोर्फ येथें हर्मान ब्रेमर यानें १८५४ च्या सुमारास डोंगरावरील हवा, सकस अन्न आणि बेताचा व्यायाम यांवर आधारलेलें पहिलें मोठें आरोग्यधाम उभारलें. त्याचाच एक रोगी पीटर डेटवायलर यानें १८७६ सालीं फाल्केनस्टाइन येथें व्यायामाऐवजीं सज्जांतील खुर्चीवर तासन् तास पडून राहण्याची पद्धति रूढ केली. अमेरिकेंत एडवर्ड ट्रूडो या क्षयी डॉक्टरानें १८८५ सालीं सॅरानॅक सरोवराजवळ एका लहानशा लाल झोपडींत आपल्या कार्याला आरंभ केला. आपल्या देशांत मलबारी आणि दयाराम गिदुमल यांच्या खटपटीनें १९०९ सालीं सिमल्याच्या वाटेवर धरमपूर येथें आरोग्यधाम निघालें. पांचगणीस डॉ. बिलिमोरिया यांचें बेल-एअर १९१२ सालीं, आणि आंध्रांत मदनपल्लीजवळचें आरोग्यवरम् १९१५ सालीं सुरू झालें. मिरजेजवळ वानलेसवाडीच्या संस्थेशीं तर दक्षिण महाराष्ट्रांतील कित्येक कुटुंबांच्या आठवणी निगडित आहेत.

या संस्थांनीं पुष्कळांना आधार दिला हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. घरीं ज्यांना कोनाडा मिळाला असता त्यांना तेथें मोकळी हवा, वेळच्या वेळीं अन्न आणि आपल्यासारख्याच माणसांची सोबत मिळाली. परंतु तेथील दिनक्रमानें रोग्याच्या मनावर काय परिणाम होई, याचा शोध डॉक्टरांआधीं कादंबरीकारानें घेतला. टॉमस मान हा १९१२ सालीं आपल्या आजारी पत्नीस भेटावयास स्वित्झर्लंडमधील दावोस येथें गेला आणि तीन आठवडे तेथें राहिला. त्या अनुभवांतून १९२४ सालीं ‘जादूचा डोंगर’ ही त्याची प्रचंड कादंबरी निर्माण झाली. थोड्या दिवसांसाठीं आलेला तरुण तेथें सात वर्षें राहून जातो. तापमापक यंत्र हेंच त्याचें घड्याळ होतें. खालच्या जगांतील कामधंदा, नातींगोतीं हळूहळू परकीं होतात. रोग्याला रोगी म्हणून राहण्याची संवय लागते, हें सत्य मानने सांगितलें. इंग्लंडांत पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स या डॉक्टराच्याही तें ध्यानांत आलें होतें. केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथें त्यानें रोग्यांची वसाहतच वसविली. तेथें रोगी आपल्या बायकामुलांसह राहत, झेपेल तेवढें सुतारकाम किंवा चामड्याचें काम करीत आणि त्याचा मोबदला घेत. औषध नसतांही माणसाला माणूस म्हणून जगतां येतें, हें दाखविणाऱ्या त्या काळच्या मोजक्या प्रयत्नांत या वसाहतीची गणना करावी लागेल.

रोगी म्हणजे केवळ रोग नव्हे, याचें एक उदाहरण आपल्या राष्ट्रीय इतिहासांतही आहे. १९३४ सालीं कमला नेहरू क्षयानें अत्यवस्थ होत्या आणि जवाहरलालजी तुरुंगांत होते. राजकारणापासून दूर राहण्याचें आश्वासन दिल्यास त्यांची सुटका होईल, असें सुचविण्यांत आलें होतें. भेटीच्या वेळीं कमलाबाईंनीं त्यांना जवळ वांकावयास सांगून, असें आश्वासन देऊं नका, असें कानांत सांगितल्याचें नेहरूंनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. पुढें त्या भोवालीच्या आरोग्यधामांत आणि मग युरोपांत गेल्या. १९३६ च्या फेब्रुवारींत लोझान येथें त्यांचें निधन झालें. जिच्याविषयीं सारे निर्णय इतरांनीं घ्यावयाचे, अशा खाटेवरील स्त्रीनें स्वतःचा म्हणून घेतलेला हा निर्णय होता.

१९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि साठ वर्षांची प्रतीक्षा संपत आली. १९५२ सालीं आयसोनायझिड आणि त्याचेंच भावंड आयप्रोनायझिड हीं औषधें न्यूयॉर्कमधील स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयांत देण्यांत आलीं. पुढें जें घडलें तें वैद्यकाच्या इतिहासांतील एक चमत्कारिक प्रकरण आहे. महिनोन् महिने खाटेला खिळलेले रोगी उठून बसले, भरपूर जेवूं लागले, हंसूं-बोलूं लागले. ते आनंदानें नाचत असल्याचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. फुप्फुसांतील पोकळ्या अद्याप भरून आल्या नव्हत्या, पण माणसें उल्हसित झालीं होतीं. प्रथम हा केवळ दुष्परिणाम मानला गेला. १९५७ सालीं नेथन क्लाइन या मनोवैद्यानें आयप्रोनायझिड हें क्षय नसलेल्या पण घोर खिन्नतेनें ग्रासलेल्या रोग्यांना दिलें आणि त्यांनाही त्याचा गुण आला. यकृताला अपाय होतो असें दिसून आल्यामुळें तें औषध पुढें मागें पडलें. परंतु खिन्नतेवर औषध असूं शकतें, हा विचार रूढ होण्यास मोठा हातभार लागला तो क्षयाच्या रुग्णशाळेंतून. ज्या खाटांवरच्या माणसांची खिन्नता शतकानुशतकें कोणी मोजली नव्हती, त्याच खाटांवरून खिन्नतेच्या चिकित्सेला वाट मिळाली.

मनाला आरोपी करण्याची खोड मात्र एवढ्यानें गेली नाहीं. ती क्षयाकडून दम्याकडे वळली. १८६० सालीं दम्यावर ग्रंथ लिहिणारा हेन्री हाइड सॉल्टर हा स्वतः दमेकरी होता आणि मनाच्या क्षोभानें दमा उसळतो हें त्यानें प्रामाणिकपणें नोंदलें होतें. परंतु १९५० सालीं फ्रान्झ अलेक्झांडरच्या ग्रंथांत दमा हा मूलतः मनोविकारजन्य रोगांत गणला गेला, आणि दमेकऱ्याची घरघर म्हणजे आईसाठीं दाबून ठेवलेलें रडें, अशी उपपत्ति पुढें आली. तिच्या पायीं कित्येक मातांनीं आपल्या लेकरांच्या दम्याचा दोष स्वतःकडे घेतला असेल. पुढें श्वासनलिकांची सूज आणि अतिसंवेदनशीलता यांचें ज्ञान झालें, श्वासावाटें घ्यावयाचीं औषधें आलीं आणि ती उपपत्ति मावळली.

यानंतरचें पाऊल पडलें तें आपल्याच देशांत. १९५६ सालीं मद्रास येथें क्षयाच्या औषधोपचाराच्या संशोधनासाठीं एक केंद्र स्थापन झालें. त्यापुढील प्रश्न साधा होता: औषध मिळालें तर रोग्याला घरापासून दूर नेण्याची गरज आहे काय? शहरांतील गरीब वस्तींतील १९३ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी करण्यांत आली. कांहींना वर्षभर आरोग्यधामांत ठेवलें, कांहींना घरींच ठेवलें. औषध दोघांनाही तेंच. घरचे रोगी दाटीवाटीच्या खोल्यांत राहत, आरोग्यधामांतल्यांपेक्षां निकृष्ट अन्न खात आणि अधिक काम करीत. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रोग शमण्याच्या प्रमाणांत मोठा फरक पडला नव्हता. घरच्या माणसांवर पांच वर्षें नजर ठेवली, तेव्हां रोग्याला घरीं ठेवल्यामुळें त्यांच्यांत क्षय वाढला असेंही आढळलें नाहीं. संसर्गाचा मुख्य धोका औषध सुरू होण्यापूर्वींच होऊन गेलेला असतो, हें यावरून उघड झालें. या एका प्रयोगानें जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली आणि आरोग्यधामें एकामागून एक बंद झालीं किंवा त्यांचें रूप पालटलें. आमच्या मतें याचें महत्त्व खर्चाच्या हिशेबापुरतें नाहीं. क्षयी आईला मुलांपासून आणि मिळवत्या बापाला घरापासून वर्षभर तोडण्याचें समर्थन त्या दिवशीं संपलें. दुर्दैव एवढेंच कीं, वेगळें ताट आणि वेगळी खोली हीं मद्रासच्या निष्कर्षांनंतरही आपल्या घरांतून सहजासहजीं गेलीं नाहींत.

क्षयाला औषध मिळालें. पण कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं जीं पूर्ण बरीं होत नाहींत. विडी-सिगारेटीनें, कारखान्यांतील धुळीनें, चुलीच्या धुरानें, कित्येकदां बऱ्या झालेल्या क्षयाच्या व्रणांनीं, श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसांचा लवचिकपणा जातो. यांपैकीं पुष्कळांना डॉक्टर आज सीओपीडी म्हणतात. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनीं फुप्फुसाच्या जुन्या रोगांमुळें थकलेल्या हृदयांचा अभ्यास १९५९ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियाही त्यांत मोठ्या संख्येनें आढळल्या आणि संशयाचें बोट चुलीकडे वळलें. घरोघर गॅस पोंचविण्याची सरकारी योजना २०१६ सालीं आली. तोंवर धुरांत डोळे चोळीत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या. त्यांच्या खोकल्याला कोणी रोग म्हटलें नाहीं. तें वय झाल्याचें लक्षण मानलें गेलें.

या रोग्यांच्या मनाची अवस्था समजावयास श्वासाची यांत्रिक रीति थोडी समजून घ्यावी लागते. यांना श्वास आंत घेण्यापेक्षां बाहेर सोडणें कठीण जातें. हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वींच पुढचा श्वास घ्यावा लागला कीं छाती फुगून राहते आणि धाप लागते. धाप लागली कीं माणूस घाबरतो. घाबरला कीं श्वास जलद होतो. जलद झाला कीं हवा सोडावयास आणखी कमी वेळ मिळतो आणि धाप वाढते. असा अनुभव दोन-चारदां आला कीं तो जिना चढणें सोडतो, मग बाजारास जाणें सोडतो, मग लग्नकार्यास जाणें सोडतो. चालणें सुटल्यानें पायांचे स्नायु दुबळे होतात, आणि मग मोरीपर्यंत जातांनाही धाप लागते. भीति खरी, धापही खरी. यांतील कोणी कोणाचा आरोपी नाहीं. दोघी एकमेकींचा हात धरून माणसाला कोपऱ्यांत नेऊन बसवितात.

१९८० सालीं अमेरिकेंत २०३ रोग्यांवरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तांत प्राणवायु कमी असलेल्यांना केवळ रात्रीं बारा तास तो देण्यापेक्षां जवळजवळ दिवसभर दिल्यास आयुष्य वाढतें, असें त्यांत सिद्ध झालें. त्याच रोग्यांच्या मनाचीही या वेळीं पद्धतशीर तपासणी झाली, आणि पांचांतील सुमारें दोघे खिन्नतेनें ग्रासलेले आढळले. पुढें १९८७ सालीं कॅनडांतील गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रश्नावली तयार केली. तिच्यांत रोग्यालाच विचारतात कीं, तुझ्या रोजच्या जीवनांतील तुला महत्त्वाचीं वाटणारीं कोणतीं पांच कामें करतांना तुला धाप लागते? त्यानंतर थकवा, मनःस्थिति आणि आपल्या रोगावर आपला कितपत ताबा आहे असें वाटतें, यांविषयींचे प्रश्न. हचिन्सनच्या यंत्रानंतर एकशें एक्केचाळीस वर्षांनीं जगण्याची प्रत मोजण्याचें साधन असें हातीं आलें. हीं दोन्ही मापें एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं, तेव्हां त्यांचा परस्परसंबंध अगदीं सैल आढळला. नळींत सारखेंच फुंकणाऱ्या दोघांपैकीं एक बागेंत झाडांना पाणी घालतो आणि दुसरा दार लावून पडून राहतो.

यांतूनच उपचाराची एक निराळी वाट प्रशस्त झाली. डेनव्हरच्या चार्ल्स डेनिसन या डॉक्टरानें १८९५ सालींच छातीच्या रोग्यांनीं व्यायाम करावा असें लिहिलें होतें, आणि न्यूयॉर्कच्या आल्व्हान बरॅक यानें १९५२ सालीं तेंच पुन्हां सुचविलें होतें. पण विश्रांतीच्या युगांत त्यांचें ऐकतो कोण? आतां हीच पद्धति सर्वत्र मान्य आहे. कांहीं आठवडे देखरेखीखालीं रोज थोडें अधिक चालावयाचें. शीळ घालतांना मिटावे तसे ओठ मिटून सावकाश उच्छ्वास सोडावयाचा. धाप लागली तरी ती ओसरते, हें अनुभवानें शिकावयाचें. आणि हें सर्व आपल्यासारख्या चार माणसांच्या सोबतीनें करावयाचें. यानें श्वासमापक यंत्रावरचा आंकडा सुधारत नाहीं. तरीही धाप कमी होते, भीति ओसरते, माणूस पुन्हां कोपऱ्यापर्यंत जाऊन भाजी घेऊन येतो. फुप्फुस पूर्वीचेंच असतें. आयुष्य मात्र पूर्वीचें राहत नाहीं.

या इतिहासापासून घ्यावयाचा बोध आमच्या मतें डॉक्टरांइतकाच कुटुंबांसाठीं आहे. आपल्या घरांतील धाप लागणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण औषध वेळेवर देतों, डॉक्टरांकडे नेतों, खर्चालाही मागें पाहत नाहीं. परंतु ‘तुम्ही बसा, आम्ही करतों’ असें प्रेमानें म्हणून त्यांच्या हातचें एकेक काम काढूनही घेतों. पाहुणे आले कीं खोकला ऐकूं नये म्हणून आंतल्या खोलीचें दार लोटतों. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत घरांतील जुन्या क्षयाचा उल्लेख टाळतों आणि बऱ्या झालेल्या माणसाला जन्मभर गुन्हेगारासारखें वागावयास लावतों. त्यांची चिडचिड होते, झोंप उडते, जेवणावरची वासना जाते, तेव्हां आपण ती म्हाताऱ्या माणसाची संवय समजतों. ती संवय नसून दुखण्याचाच एक भाग असूं शकतो, आणि त्यालाही उपचार आहे, हें कळावयास जगाला फार वर्षें लागलीं. आपल्याला पुन्हां तितकीं लागण्याचें कारण नाहीं.

थेऊरच्या त्या रोग्याला वैद्य होते, सरदार होते, अनुष्ठानें चाललेलीं होतीं. त्याच्या नाडीवर पुष्कळांचें लक्ष होतें आणि त्याच्या राज्यावर त्याहून अधिकांचें. त्याच्या मनाविषयीं आज आपण तर्कच करूं शकतों. आपल्या घरांतील रोग्याविषयीं तर्क करण्याची आवश्यकता नाहीं. तो शेजारच्या खोलींत आहे. त्याच्याजवळ जाऊन बसावें, त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत थांबावें, आणि दिवस कसा गेला तें त्यालाच विचारावें.